आठ पायल्यांचे पोते

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे धुंडाळीत. 1898 पासून त्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ चे खंड निघू लागले. कागद अस्सल की बनावट, हे शाई, शिक्का आणि उजेडाकडे धरल्यावर दिसणारी गिरणीची खूण यांवरून पारखतात. कागद बनावट असला तरी निमूट पडून राही. उलगडला म्हणून घरातल्या इतर कागदांना तो हात लावीत नसे. आमच्या काळी तेही घडले.

10 एप्रिल 2012 रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘ऑफिस’मधील एक भोक बुजवले. ते आमच्या भंडाऱ्याकडच्या धानवाल्याला चटकन समजेल. पोत्यात आठच पायल्या मावतात. मोजणाऱ्याला ‘आठच घाल’ असे सांगायचे, तेथे ‘आठ तरी घाल’ असे सांगितले गेले! संगणकाच्या स्मृतीत आठ बाइटांची जागा राखलेली होती. येणारा मजकूर आठांहून कमी नाही ना, एवढेच पाहिले जाई. जास्त नाही ना, हे पाहिलेच जात नसे. (पोरांनी लहानमोठ्याच्या चिन्हात अशी चूक केली की मी गुण कापतो.) जास्तीचा मजकूर शेजारी सांडे, आणि शेजारीच लिहिलेले असे, की हे काम आटोपल्यावर पुढे कोठे जायचे. त्यावर चोराने आपला पत्ता लिहिला, की यंत्र आज्ञाधारकपणे त्याच्या मागे जाई. उघडणाऱ्यापुढे मात्र साधे पत्र!

ठिगळ तयार झाले, पण ते ज्याने त्याने आपल्या यंत्रावर लावायचे होते. आमच्या शाळेतला संगणकही विचारतो, ‘सुधारणा बसवू?’ आणि आम्ही ‘नंतर’ वर बोट ठेवतो. फेब्रुवारी 2022 मध्ये सेंटिनेलवन या अमेरिकन कंपनीच्या अभ्यासकांनी एका टोळीचा माग प्रसिद्ध केला. तिला त्यांनी ‘मॉडिफाइड एलिफंट’ म्हटले. निदान 2012 पासून ती भारतातील कार्यकर्ते, वकील, प्राध्यापक, पत्रकार यांच्या मागावर होती. तिच्या ईमेलींसोबतच्या दस्तांत 2012 चे हे भोक आणि पुढच्या तीन वर्षांतली अशीच आणखी तीन वापरलेली आढळली. 2015 नंतरही तिचे काम या जगजाहीर भोकांवर भागत होते. नवे हत्यार कशाला घडवावे?

त्याच अभ्यासकांनी हा माग पुण्याच्या एल्गार परिषद खटल्यापर्यंत नेला. तेथे जप्त संगणकांतील पत्रे पुराव्यात आहेत. बचाव पक्षासाठी तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंगने फेब्रुवारी 2021 मध्ये म्हटले, की एका आरोपीच्या संगणकात परका माणूस 22 महिने वावरत होता आणि पत्रे त्यानेच ठेवली. त्या संगणकात तो शिरला तो मात्र या भोकातून नव्हे, ईमेलमधून उघडलेल्या एका फाइलीतून. तपासयंत्रणेने हे म्हणणे मानले नाही, निवाडा न्यायालयाचा.

मला नवल वाटले ते त्यांच्या पारखण्याचे. त्या संगणकावर ‘वर्ड’ ची 2007 ची आवृत्ती होती. पत्रांपैकी काहींवर खूण होती 2010 किंवा 2013 च्या ‘वर्ड’ ची.