व्यवस्थापन नियंत्रण पद्धती (जिल्हा परिषदेतील)

ठरवलेले काम ठरल्याप्रमाणे होते आहे का, हे वेळेत कळावे आणि बिघडले असेल तर हाती वेळ असतानाच सावरता यावे, यासाठी संस्थेने लावलेली घडी. हार्वर्डचे रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये तिची जागा धोरण-आखणी आणि दैनंदिन कामावरची देखरेख या दोहोंच्या मध्ये दाखवली. पाठ्यपुस्तके ती कारखान्यांच्या उदाहरणांनी शिकवतात. परभणीत ती पाहायची तर जिल्हा परिषदेत जावे.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा झाल्यावर परभणीकडे नऊ तालुके आणि तितक्याच पंचायत समित्या राहिल्या. जिंतूरपासून पालमपर्यंतच्या खर्चावर मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्याची नजर असते. झालेला खर्च स्थानिक निधी लेखापरीक्षा तपासते आणि विधिमंडळाची पंचायत राज समिती अधिकाऱ्यांच्या साक्षी घेते. समितीचा दौरा लागला की कोणत्याही जिल्ह्यात जुन्या आक्षेपांच्या अनुपालनाला अचानक वेग येतो. पण चूक तोवर जुनी झालेली असते.

खरे नियंत्रण टेबलावरच व्हावे लागते. त्यासाठी सहा गठ्ठा पद्धत आहे. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद, असे लिपिकाचे दफ्तर लावलेले असते. टपाल कार्यविवरण नोंदवहीत चढते आणि शिल्लक किती, ते आठवडी गोषवाऱ्यात उतरते. लिपिक रजेवर असला तरी कागद सापडतो, हा तिचा मोठा गुण. अनिलकुमार लखीना यांनी अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात केलेल्या सुधारणा ‘लखीना पॅटर्न’ म्हणून गाजल्या, त्याही दफ्तराच्या अशाच शिस्तीवर उभ्या होत्या.

२०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत घातली. विनाकारण विलंब झाल्यास ५०० ते ५,००० रुपये दंड. मुदतीचा धाक उपयोगी खरा, पण फक्त निर्गतीचा आकडा मोजला की त्रुटी काढून अर्ज परत धाडण्याची पळवाट निघते. प्रकरण मिटले की नुसते पुढच्या टेबलावर सरकले, हे गोषवाऱ्यावरून कळत नाही. त्यासाठी दफ्तर तपासणीत अधिकाऱ्याने निकाली दाखवलेली दोन-चार प्रकरणे स्वतः उघडून वाचावी लागतात.