शालेय दादागिरी आणि विद्यार्थ्यांची साथ

वर्गात, मधल्या सुट्टीत, शाळेच्या व्हॅनमध्ये किंवा मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये एखाद्या मुलाला मुद्दाम, पुन्हापुन्हा चिडवणे, मारणे, धमकावणे किंवा खेळातून वगळणे म्हणजे शालेय दादागिरी. दोन तुल्यबळ मुलांचे भांडण यात मोडत नाही. इथे एक बाजू वयाने, अंगाने किंवा संख्येने वरचढ असते. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी 1970 च्या दशकात या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला. छळामुळे तीन मुलांनी आत्महत्या केल्यावर नॉर्वेने 1983 मध्ये देशव्यापी मोहीम हाती घेतली.

पिंपरी-चिंचवडमधल्या निगडीसारख्या उपनगरात हा प्रश्न विशेष लक्ष देण्याजोगा आहे. 1972 मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाच्या आखीव पेठा, यमुनानगर आणि ओटास्कीम या वस्त्या एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम मिळालेली कुटुंबे मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून येत राहतात. नव्याने दाखल झालेल्या मुलाचा हेल, आडनाव, डब्यातली भाजी, वडिलांचे काम, काहीही चिडवण्याला निमित्त पुरते. ‘पोरांची मस्करी’ म्हणून मोठ्यांनी हे सोडून देणे घातक आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 ने विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली. महाराष्ट्रात 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत ‘सखी सावित्री समिती’ नेमण्यास सांगितले. शाळेत तक्रारपेटीही असावी लागते.

पण पेटीत चिठ्ठी टाकायलाही धीर लागतो, आणि तो सोबत्यांकडून मिळतो. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी 1996 मध्ये दाखवले की छळ हा दोघांपुरता नसतो: कोणी दादाला साथ देते, कोणी हसते, कोणी नुसते बघते, थोडे जण पीडिताच्या बाजूने उभे राहतात. या बघ्यांनाच वळवणारा ‘किवा’ हा उपक्रम तुर्कू विद्यापीठात 2006 पासून घडवला गेला. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात 2007 मध्ये गुलाबी शर्ट घातला म्हणून नववीतल्या एका मुलाला छळले गेले. तेव्हा बारावीच्या डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस यांनी गुलाबी शर्ट विकत आणून शाळेत वाटले. कोणा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून नव्हे, हे महत्त्वाचे.

महाराष्ट्रात सोबत्यांच्या साथीच्या या विचाराजवळ जाणारे एक काम म्हणजे ‘मूल्यवर्धन’. पुण्याच्या शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने ते 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या शाळांत सुरू केले. पुढे राज्य शासनाच्या साथीने ते राज्यभर गेले. त्यात उपदेशाचा तास नाही. मुले जोडीने, गटाने बोलतात, दुसऱ्याचे ऐकून घेतात, वर्गाचे नियम स्वतः ठरवतात. गटात रोज बोललेल्या मुलाला एकटे पाडणे अवघड जाते, म्हणून ही रीत मोलाची.

घरी वा शाळेत सांगता येत नसेल तर 1098 ही बालकांची मदतवाहिनी चोवीस तास, विनामूल्य आहे. मूल स्वतः फोन करू शकते, त्याच्यासाठी मित्रही करू शकतो.