हाडांत उरलेली प्रथा : चीनमधील पाऊलबंधनाचा उदय आणि अस्त

१९९७ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात बीजिंगमधील १९३ वृद्ध स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऐंशी व त्यापुढील वयाच्या ३८ टक्के, तर सत्तर ते एकोणऐंशी वयोगटातील १८ टक्के स्त्रियांच्या पावलांत बालपणी ती घट्ट बांधल्यामुळे आलेली विकृती आढळली. या स्त्रियांना आधाराशिवाय खुर्चीवरून उठणे आणि उकिडवे बसणे इतरांपेक्षा अवघड जात होते. त्यांच्या खुब्याच्या व कण्याच्या हाडांची घनताही कमी होती. चिनी प्रजासत्ताकाने या प्रथेवर बंदी घातली ती १९१२ साली. पण तिचे परिणाम शतकाच्या अखेरीपर्यंत शरीरांत शिल्लक होते.

प्रथेचा उगम दहाव्या शतकातला मानला जातो. दक्षिण तांग राज्याचा राजा ली यू याच्या दरबारातील याओन्यांग ही नर्तकी पावले रेशमी पट्ट्यांनी बांधून नाचत असे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी सुंग काळात उच्चकुलीन घरांत ही प्रथा रुजल्याचे पुरावे थडग्यांतून मिळतात. पुढील शतकांत ती शेतकरी कुटुंबांपर्यंत पोहोचली. मांचू आणि हक्का स्त्रिया मात्र सामान्यतः पावले बांधत नसत.

मुलगी चार ते नऊ वर्षांची असताना, म्हणजे हाडे अजून कोवळी असताना, हे काम सुरू होई. अंगठा मोकळा ठेवून उरलेली चार बोटे तळव्याखाली दुमडली जात. मग लांब पट्टीने पावलाचा पुढचा भाग टाचेकडे ओढून घट्ट आवळला जाई. बोटांची हाडे मोडत, पावलाची कमान दुमडून उभी होई, कधी जखमा चिघळत. ‘सुवर्णकमळ’ म्हणवल्या जाणाऱ्या आदर्श पावलाची लांबी होती अवघी तीन चिनी इंच, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर. पट्टी आवळणारे हात बहुधा आईचे असत. मोठ्या पावलांच्या मुलीला चांगले स्थळ मिळणार नाही, ही भीती त्यामागे होती.

सौंदर्यदृष्टी आणि विवाह हेच या प्रथेचे कारण, असे दीर्घकाळ मानले गेले. लॉरेल बॉसन आणि हिल गेट्स या मानववंशशास्त्रज्ञांनी चीनच्या ग्रामीण भागातील अठराशेहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या माहितीवरून २०१७ साली वेगळे स्पष्टीकरण पुढे मांडले. सूत कातणे, कापड विणणे अशा घरकामांत लहान मुलींचे हात मोलाचे होते आणि बांधलेली पावले त्यांना एका जागी बसवून ठेवत. गिरण्यांचे सूत व कापड बाजारात आले, तसे या कामाचे मोल घटले आणि प्रथेचा आधारही ढासळला.

केवळ हुकुमांनी ती मोडली नव्हती. सतराव्या शतकात मांचू राज्यकर्त्यांनी घातलेली बंदी १६६८ साली मागे घ्यावी लागली. एकट्या कुटुंबाने प्रथा सोडली, तर त्याची मुलगी अविवाहित राहण्याचा धोका होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती मिशनरी आणि कांग यौवेईसारखे चिनी सुधारक यांनी स्थापन केलेल्या संस्थांनी नेमकी ही गाठ सोडवली. मुलींची पावले बांधणार नाही आणि मुलांसाठी बांधलेल्या पावलांची सून आणणार नाही, अशी दुहेरी प्रतिज्ञा सदस्य कुटुंबे करीत. त्यामुळे पावले न बांधलेल्या मुलींसाठी वरही तयार होत गेले. राज्यशास्त्रज्ञ गेरी मॅकी यांच्या मते प्रथेच्या वेगवान अस्ताची किल्ली या सामूहिक प्रतिज्ञेत आहे.

हा वेग सिडनी गँबल यांनी उत्तर चीनमधील डिंगश्यान येथे केलेल्या पाहणीत दिसतो. १८९० पूर्वी जन्मलेल्या ९९ टक्क्यांहून अधिक स्त्रियांची पावले बांधलेली होती. १९१९ नंतर जन्मलेल्यांत असे एकही उदाहरण नव्हते.

या दोन पिढ्यांच्या सीमेवरील स्त्रियांच्या वाट्याला मात्र दुहेरी यातना आली. बालपणी ज्या पावलांचे कौतुक झाले, तीच तरुणपणी मागासलेपणाची खूण ठरली. पट्ट्या सोडण्याची सक्ती झाली, दंडही झाले. परंतु पट्टी सुटली तरी मोडून जुळलेले हाड पूर्ववत होत नव्हते, आणि आधार गेलेल्या पावलांवर चालणे पुन्हा वेदनादायी ठरे. बीजिंगमधील त्या तपासणीत नोंदवले गेलेले शरीर याच स्त्रियांचे होते.