मनोरुग्ण पालक आणि किशोरवयीन कादंबरी

आई किंवा वडील दीर्घ मानसिक आजाराने ग्रासलेले आहेत अशा घराची, तिथल्या किशोरवयीन मुलाच्या नजरेतून सांगितलेली गोष्ट. इंग्रजीत हा प्रकार चांगला रुळलेला आहे. सिंथिया व्हॉइटच्या ‘होमकमिंग’मध्ये (१९८१) आई चार मुलांना गाडीत सोडून निघून जाते आणि तेरा वर्षांची डायसी भावंडांना घेऊन पोलिसांच्या नजरेआड पायी वाट काढते. जॅकलिन विल्सनच्या ‘द इलस्ट्रेटेड मम’मधल्या (१९९९) दोघी बहिणी आईच्या लहरी सांभाळत घरातली परिस्थिती बाहेर कळू देत नाहीत. या कथांच्या केंद्रस्थानी आजार दिसतो, पण त्यांना खरे बळ मिळते ते मुलांवर पडलेल्या लपवाछपवीच्या कामातून. तिथल्या मुलांना भीती असते ती सरकारी यंत्रणा आपल्याला घरातून उचलून नेईल याची. आपल्याकडे भीती वेगळी असते. शेजारी काय म्हणतील, ताईचे जमलेले लग्न मोडेल का, आणि उद्या मलाही हेच होईल का?

ही तिसरी भीती जेरी पिंटो यांच्या ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) या माहीमच्या कादंबरीत सर्वात स्पष्ट उमटली आहे. तिचा ‘एम आणि हूमराव’ हा मराठी अनुवाद शांता गोखले यांनी केला. मूळ कादंबरीला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आईचा उन्माद आणि तिचे खचणे यांच्या मध्ये मुलगा व त्याची बहीण लहानशा घरात वाढतात. जागा इतकी कमी, की दार लावून घ्यावे अशी सोयच नाही. ठाण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या एका खोलीच्या घरांतही हेच खरे आहे: बाहेरच्यांपासून आजार लपवता येतो, घरातल्या मुलापासून नाही. त्यात ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१पासूनचे. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा मुंबईभर सहज केली जाते. ज्याची आई खरोखर तिथे उपचार घेते, त्या मुलाला वर्गात ती थट्टा ऐकून हसावे लागते. मराठी चित्रपटाने हा विषय धीटपणे हाताळला, पण नजर मोठ्यांची ठेवली. ‘देवराई’त (२००४) स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाला बहीण सांभाळते, तर ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांचा शोध घेणारी मुलगी प्रौढ, संसारी आहे. दोन्ही कलाकृती मोलाच्या आहेत. तरीही दहावीच्या अभ्यासात आईच्या गोळ्यांची वेळ लक्षात ठेवणारे मूल त्यांत नायक होत नाही.

पिंटोंची कादंबरी मुळात मोठ्यांसाठी लिहिलेली आहे, हा आक्षेप रास्त आहे. तिचा निवेदक मोठा होऊन मागे पाहतो आणि आईवडिलांच्या प्रेमाची कहाणी जुळवत जातो. सोळाव्या वर्षी इतके अंतर मिळत नाही. म्हणूनच त्या वयाच्या आवाजात स्वतंत्र मराठी लेखनाची गरज उरते. दुसरा आक्षेप असा, की अशा गोष्टी कोवळ्या मनाला घाबरवतील. परंतु त्या घरातल्या मुलाला यातले काहीच नवे नाही. सांगणारे कोणी नसले, की ते आजाराचे कारण स्वतःत शोधू लागते: मी उलट बोललो, म्हणून आई अशी झाली. शिवाय अज्ञातातली भीती आकड्याने कमी होते. आई किंवा वडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असल्यास अपत्याला तो होण्याची शक्यता सुमारे १० टक्के मानली जाते, सर्वसाधारण लोकांत सुमारे १ टक्का. धोका वाढतो हे खरे, पण दहांपैकी नऊ मुलांना तो आजार होत नाही. हे वाक्य डॉक्टरही सांगू शकतात. मात्र ते ऐकण्यासाठी मुलाला आधी कोणाला तरी विचारावे लागते. पुस्तक वाचताना तसे विचारावे लागत नाही, आणि घरातली गोष्ट बाहेर सांगितल्याचा अपराधही वाटत नाही.