फाटकावरची भरती : मुंबईच्या गिरण्यांतील जॉबर आणि बदली कामगार (थ्रेड)

१/
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पहाटेचा भोंगा झाला की गिरणगावातील फाटकांपाशी दोन प्रकारचे कामगार दिसत. काही थेट आत शिरत, कारण त्यांचे साचे ठरलेले असत. उरलेले बाहेर थांबत. कोणी गैरहजर राहिला तरच त्यांना त्या दिवसाचे काम मिळे. या थांबलेल्यांना ‘बदली’ म्हणत. त्यांच्यातून कोणाला आत घ्यायचे, हे कोण ठरवत असे?

२/
कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवची गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या. रत्नागिरीतून, तसेच सातारा आणि घाटावरच्या इतर भागांतून माणसे आली. भरतीसाठी मात्र वेगळे कार्यालय नव्हते. व्यवस्थापनाने हे काम जॉबरवर सोपवले.

३/
जॉबर बहुधा कामगारांतूनच वर चढलेला असे. नवा माणूस घेणे, त्याला काम शिकवणे, यंत्रे चालू ठेवणे, शिस्त राखणे, रजा देणे आणि काढून टाकणे, असे सारे त्याच्या हाती होते. स्त्रिया काम करत त्या खात्यांत हाच अधिकार ‘नायकिणी’कडे असे. नोकरी लागताना किंवा गावाहून परतल्यावर पुन्हा कामावर रुजू होताना जी रक्कम द्यावी लागे, तिला ‘दस्तुरी’ म्हणत.

४/
हे नाते फाटकाबाहेरही चालू राही. नव्याने आलेल्याला चाळीत पथारी टाकण्यापुरती जागा, वाण्याकडे उधारी, सावकाराकडे जामीन, हे सारे जॉबरच्या शब्दावर मिळू शके. त्यामुळे भरती ओळखीपाळखीने होई. एका गावचा माणूस लागला की त्याचे भाऊबंद मागोमाग येत. गावाकडून आलेल्यास हा आधार होता आणि बंधनही.

५/
ओळखीने होणाऱ्या या भरतीत जातही आली. साचेखाते, म्हणजे विणकाम विभाग, अधिक मजुरीचा; तेथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा ओढताना तो तोंडाने ओढावा लागे, म्हणून ‘विटाळा’चे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठामपणे मांडला. गिरणीत सर्वांना सारखेच राबवले जाते, या समजुतीला हा मोठा अपवाद होता.

६/
जॉबर सर्वशक्तिमान होता का? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लोक शहर सोडून जाऊ लागले. कामगार दुर्मीळ झाले. तेव्हा गिरण्यांनी माणसे मिळवण्यासाठी आपापसांत चढाओढ केली आणि महिन्याऐवजी रोजच्या रोज मजुरी देण्यापर्यंत मजल गेली. माणसांची टंचाई पडताच फाटकावरचे पारडे कामगाराकडे झुकले.

७/
इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात जॉबरच्या सत्तेची दुसरी बाजू दाखवली. त्याचे वजन कामगारांच्या पाठिंब्यावरच टिकून होते. गरजेच्या वेळी माणसे जमवता आली नाहीत तर व्यवस्थापनाला त्याचा उपयोग उरत नसे, आणि माणसे दुरावली तर ती दुसऱ्या जॉबरकडे जाऊ शकत. संपाच्या काळात तर त्याला दोन्हीकडून ओढ बसे.

८/
मग बदलींची गर्दी कशामुळे? मालक म्हणत, कामगार लग्नकार्याला आणि शेतीच्या हंगामात गावी जातात, म्हणून जादा माणसे लागतात. हे खरे होते, पण अपुरे. मुंबईचे सूत पूर्वी मोठ्या प्रमाणात चीनला जाई. ती बाजारपेठ विसाव्या शतकात हातची गेली. कापसाचे भाव आणि कापडाची मागणी सतत हलत असे. मागणी वाढली की फाटकावरून माणसे उचलायची, घटली की परत पाठवायची, ही मालकांची सोय होती. बाजाराच्या अनिश्चिततेचा मोठा भार असा रोजंदाराच्या घरावर पडे.

९/
१९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने (ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते) १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातून भरती व बडतर्फीचे अधिकार काढून ते कामगार अधिकाऱ्याकडे द्यावेत, असे सुचवले. पुढे मंदी, पगारकपात आणि १९३४ चा संप झाला. त्याच वर्षीच्या मुंबई प्रांताच्या कायद्याने सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण केले.

१०/
१९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली. निवडक बदलींना कार्डे दिली जात. त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे आणि रिकाम्या जागा आधी त्यांना मिळायच्या. दस्तुरीला यामुळे आळा बसण्याची शक्यता होती. परंतु कार्ड म्हणजे कामाची हमी नव्हती. आपली पाळी आली नाही, तर तो दिवस बिनपगारी जाई. जॉबरचा हात आखडला, पण वाट पाहणे आता नोंदवहीत आले.

११/
ही रांग स्वातंत्र्यानंतरही टिकली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करावे, हीही त्यांची मागणी होती. वर्षानुवर्षे एकाच गिरणीत राबूनही ज्यांना आपला साचा मिळाला नव्हता, त्यांच्यासाठी ही मागणी सर्वांत जिव्हाळ्याची होती. संप फसला, गिरण्या बंद होत गेल्या आणि कायम व बदली दोघेही रस्त्यावर आले.

१२/
आज गिरणगावाच्या जागी मनोरे आहेत आणि मुंबईजवळचे भिवंडी हे गोदामांचे मोठे केंद्र बनले आहे. तेथे भरतीत ठेकेदार महत्त्वाचा असतो, तर कंत्राटी कामगारांसाठी १९७० मध्ये कायदा झाला होता. ठेकेदार म्हणजे जुना जॉबर नव्हे. चाळीतल्या ओळखीची जागा आता कागदी कंत्राटाने घेतली आहे. तरीही गिरणगावाच्या इतिहासातून एक कसोटी हाती येते. भरतीची कोणतीही पद्धत तपासताना, काम नसलेल्या दिवसाचा खर्च कोण सोसतो, हे पाहावे. १९३५ च्या सुधारणेने भरती करणारा बदलला. तो खर्च मात्र फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडेच राहिला.