टाळ आणि डफ

मराठी गायनाचा इतिहास सांगताना अभंग आणि लावणी यांना दोन टोकांना बसविण्याचा प्रघात आहे. एकीकडे देऊळ, वीणा, टाळ, मृदंग आणि विठ्ठलाचे नाव. दुसरीकडे फड, डफ, तुणतुणे, ढोलकी आणि शृंगार. ही वाटणी पुष्कळ अंशी एकोणिसाव्या शतकाने पक्की केली. तुकारामांची गाथा मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ ते १८७३ या काळात छापून निघाली. लावणीकडे मात्र नवशिक्षित समाज बराच काळ संकोचाने पाहत राहिला. परंतु त्यापूर्वीच्या गायकांकडे पाहिले, तर मधली भिंत फारशी उंच नव्हती असेच दिसते.

सोळाव्या शतकात एकनाथांनी वासुदेव, गोंधळी, जोगवा मागणारी बाई, असे रस्त्यावर गाऊन पोट भरणारे लोक आपल्या भारुडांत आणले आणि त्यांच्याच तोंडून अध्यात्म वदविले. गवळणीही त्यांनी लिहिल्या. पुढे तमाशाने हीच गवळण आपल्या फडावर नेली. तमाशाचा आरंभ गणेशाच्या स्तवनाने, म्हणजे गणाने, होतो. मग गवळण येते. लावणीची पाळी त्यानंतर. शृंगारापाशी पोचायचे तेही देवाला वळसा घालूनच. कलगी आणि तुरा यांच्या झगड्यात तर शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ, हा वाद डफावर थाप मारून रात्रभर चाले. त्या भेदिक लावण्यांना लौकिक म्हणावे की पारमार्थिक, हे ठरविणे कठीणच.

उत्तर पेशवाईतील दोन शाहिरांची चरित्रे या दृष्टीने फार बोलकी आहेत. सोलापूरचे राम जोशी विद्वान ब्राह्मण घरात जन्मले. तमाशाच्या नादापायी वडील भावाने त्यांना घराबाहेर काढले, अशी कथा आहे. पंढरपुरास जाऊन त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले, लावण्या रचल्या आणि कीर्तनेही केली. बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या कीर्तनरंगातून सामान्य श्रोत्यांच्या कानी घालण्यात त्यांचा वाटा मोठा मानतात. संगमनेरचे अनंत फंदी हेही आधी तमासगीर आणि मग कीर्तनकार. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने त्यांनी डफ खाली ठेवला, असे परंपरा सांगते. कथांतील तपशील सोडून दिला, तरी एकाच गळ्याने दोन्ही गाणी गायिली ही गोष्ट उरतेच. आणि गळा काही वस्त्रासारखा बदलता येत नाही.

मग भेद होता तो कशात? समर्थ रामदासांनी दासबोधात हरिकथेचा विचार करताना एक धोका दाखविला आहे: गायक रागज्ञानात रंगून जातो आणि ज्याची कथा सांगायची तो हरी बाजूला राहतो. समर्थांना भय शृंगाराचे होते तसेच खुद्द संगीताचेही होते. त्यांच्या आधी काही दशके, १५६२ मध्ये, इटलीतील ट्रेंट येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेतही देवळातील संगीतातून विषयासक्त सूर वगळण्याचा विचार झाला होता. त्या वेळेपावेतो एका फ्रेंच लौकिक गीताच्या चालीवर कित्येक उपासनागीते रचली गेली होती. चालीला जात नसते, हे तिकडच्या धर्मगुरूंनाही जड गेले असावे.

खरा भेद श्रोत्याच्या जागेत आहे. अभंगाचे ध्रुपद टाळकऱ्यांकडून समोरच्या गर्दीत जाते आणि नामघोष सुरू झाला की गाणारे व ऐकणारे वेगळे राहत नाहीत. फडावर झीलकरी गायकाचा सूर उचलून धरतात, परंतु श्रोता रसिकच राहतो. तो दाद देतो, दौलतजादा करतो, गाण्याची परीक्षा करतो. कीर्तनातील श्रोत्याला परीक्षा करण्याची सवड नसते.

हा भेद मराठी मुलुखाच्या पूर्वेसही दिसतो. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगडात प्रवेश झाला. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत तो प्रांत भोसल्यांच्या नावे होता. पूर्व विदर्भात खडी गंमत आहे, तर छत्तीसगडच्या नाचातील विनोदी भागालाही गम्मत म्हणतात. मराठ्यांच्या छावण्यांशी तिचा संबंध काही अभ्यासक जोडतात. त्याच भूमीत गुरू घासीदासांच्या सतनामी पंथाचे पंथी गीत मांदर आणि झांजेच्या तालावर घुमते, आणि त्यात नाचणारे तेच गाणारे असतात.

या दोहोंच्या मध्ये पंडवानी उभी आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या मरोदा वसाहतीपासून फार दूर नसलेल्या गनियारी गावी तीजनबाई १९५६ मध्ये जन्मल्या. स्त्रियांनी बसून गावे हा शिरस्ता मोडून त्या उभ्या राहून कापालिक पद्धतीने महाभारत गाऊ लागल्या, तेव्हा जातीने त्यांना बाहेर काढले. कथा पांडवांची, तरीही शिक्षा राम जोशांचीच! पुढे भिलाईच्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पंडवानीत गायकाच्या प्रत्येक वाक्याला साथीदार रागी हुंकार देतो. तो कधी प्रश्न विचारतो, कधी ओळ उचलतो. टाळकरी आणि झीलकरी, या दोघांचेही काम तो एकटाच करतो.