परसबाग : हिवाळी भाज्यांची काढणी

घराभोवतालच्या मोकळ्या जागेत, विहिरीजवळच्या वाफ्यांत किंवा गच्चीवरील कुंड्यांत रब्बी हंगामात लावलेल्या भाज्या खाण्याजोग्या झाल्यावर खुडणे, कापणे, तोडणे किंवा उपटणे म्हणजे हिवाळी भाज्यांची काढणी. महाराष्ट्रात पाऊस ओसरू लागला की सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी व रोपांची लागण होते आणि काढणी साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात चालते. कोकण व गोव्यात भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या जमिनीत भाजीचे वाफे घालतात; त्यामुळे तेथील हंगाम थोडा उशिरा सुरू होऊन मार्चपर्यंत लांबतो.

विक्रीचा माल वाहतूक आणि बाजारातील एक-दोन दिवस सोसेल अशा बेताने काढावा लागतो. परसबागेत हे बंधन नसते. भाजी ऐन कोवळी असताना, त्या दिवसाला लागेल तेवढीच काढता येते. म्हणून येथे सगळा वाफा एकदम रिकामा न करता थोडी थोडी, पण वारंवार काढणी करतात. बहुतेक पिकांचे पुढचे उत्पन्नही काढणी कशी झाली यावरच ठरते.

पालेभाज्या : मेथी पेरणीनंतर 25 ते 30 दिवसांत काढणीस येते. दाट उगवलेली रोपे आधी मुळासकट उपटली की भाजीही मिळते आणि विरळणीही होते. पालकाची पहिली काढणी 30 ते 40 दिवसांनी होते. बाहेरची मोठी पाने देठासह घेऊन मधला कोंब राखल्यास दर पंधरवड्याला नवा तोडा मिळतो. कोथिंबीर 35 ते 45 दिवसांत, फुलाचा दांडा निघण्यापूर्वी काढतात. शेपू, चाकवत व आंबट चुका कोवळेपणीच घ्यावेत. जून झाल्यावर देठ दोरेदार होतात. हरभऱ्याचे शेंडे पेरणीनंतर महिनाभराने, फुलोऱ्यापूर्वी खुडतात. शेंडा गेल्याने झाड पसरते व फांद्या वाढतात. हरभऱ्याच्या पानांवर जी आंब असते तिच्यात मॅलिक व ऑक्झॅलिक अम्ले असतात. या भाजीचा आंबटपणा त्यांचाच.

मुळे व कंद : मुळा, गाजर व बीट ओढून काढायचे असल्याने आदल्या दिवशी वाफ्याला हलके पाणी देतात. जमीन वाफशावर असली की मूळ न तुटता निघते. मुळा 40 ते 50 दिवसांत तयार होतो. राहू दिल्यास आतून पोकळ व तिखट होतो. गाजराला 80 ते 100 दिवस लागतात. त्याचा माथा उघडा पडला तर उन्हाने हिरवा व कडवट होतो, म्हणून त्यावर माती चढवतात. थंडीत गाजरात साखरेचे प्रमाण वाढते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतील गाजर अधिक गोड लागते. बीट 5 ते 7 सेंमी. व्यासाचे झाल्यावर काढावे. त्याचा पाला तोडताना 2–3 सेंमी. देठ राखले नाहीत, तर शिजवताना रंग पाण्यात उतरतो. नवलकोलाचा गड्डा म्हणजे फुगलेले खोड. तेही याच आकाराचे असताना कापतात, पुढे ते लाकडासारखे निबर होते.

कोबी व फ्लॉवर : कोबीचा गड्डा बोटांनी दाबून पाहतात, घट्ट लागला की काढणीस आला. लवकर येणाऱ्या जाती लागणीनंतर 60 ते 70 दिवसांत तयार होतात. तयार गड्डा शेतात राहिला आणि त्याला भरपूर पाणी मिळाले, तर तो तडकतो. काढणी लांबवायची असल्यास पाणी कमी करतात. फ्लॉवरचा गड्डा उन्हाने पिवळा पडू नये म्हणून तो दिसू लागताच बाहेरची पाने त्यावर दुमडतात किंवा सैलसर बांधतात. गड्डा पांढरा व घट्ट असतानाच कापावा. तुरे सुटे होऊ लागले की चव उतरते.

शेंगा व फळे : मटाराची शेंग दाण्यांनी भरलेली, पण तजेलदार हिरवी असताना तोडतात. तोडल्यानंतर दाण्यातील साखरेचे पिठूळ द्रव्यात रूपांतर होऊ लागते, म्हणून मटार त्याच दिवशी शिजवलेला बरा. घेवडा दर तीन-चार दिवसांनी तोडावा. जून शेंगा वेलावर राहिल्या की नवी फुले कमी येतात. शेंग तोडताना एका हाताने वेल धरावा, नाहीतर फांदी तुटते. वांगे त्याची चकाकी जाण्यापूर्वी देठासह कापतात. टोमॅटो रंग धरू लागल्यावर काढला तरी घरात पिकतो.

वेळ व साठवण : सकाळी दहिवर ओसरल्यावर केलेली काढणी टिकाऊ ठरते, कारण तेव्हा पाने पाण्याने भरलेली असतात. पालेभाज्यांतील नायट्रेट मात्र दिवसाच्या उजेडात कमी होत जाते; लगेच शिजवायची भाजी संध्याकाळी खुडणेही योग्यच. कीटकनाशक फवारले असल्यास वेष्टनावर सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय काढणी करू नये. पालेभाजी न धुता ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवतात. मुळा व गाजर पाला काढून ठेवावेत, कारण पाला त्यांतील पाणी ओढतो. पिकलेली केळी व टोमॅटो एथिलीन वायू सोडतात. त्याने पालेभाजी पिवळी पडते व गाजर कडवट होते. हरभऱ्याचा पाला वाळवून वर्षभर वापरण्याची रीत राज्याच्या अनेक भागांत आहे.

खाद्यपरंपरा : मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, गाजर, वांगी, पावटा, घेवडा व हरभऱ्याचे सोलाणे यांची तीळ घातलेली मिसळीची भाजी बाजरीच्या भाकरीबरोबर करतात. हंगाम भरात असताना जे जे हाताशी असते, ते सर्व या एका भाजीत येते. रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भाजून पोपटी करतात.

हंगामाची अखेर : फेब्रुवारीत ऊन वाढू लागले की मेथी, कोथिंबीर व मुळा फुलावर येतात. मुळ्याच्या कोवळ्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या, भाजीसाठी तोडतात. मटार व घेवड्याचे वेल उपटण्याऐवजी जमिनीलगत कापावेत, म्हणजे मुळांवरील नत्रयुक्त गाठी मातीत राहतात. मेथी, कोथिंबीर व वालाची निवडक निरोगी झाडे बियांसाठी राखता येतात. कोबी व बीट यांना बी धरण्यासाठी दीर्घ थंडी लागते. मैदानी प्रदेशात ती मिळत नसल्याने त्यांचे बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते.